लुवेलाच्या वॉर्डातला वारा

१

मशिनं लुवेलाला पोहोचलीच नव्हती, आणि तीच मशिनं चोरल्याबद्दल बुपेला अटक झाली होती.

मुतालेने हे सांगितलं तेव्हा वसुधाबाई मुलाच्या घरामागच्या अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. आयर्लंडमधल्या ड्रोहेडातला जुलै म्हणजे ऊन खुर्चीपर्यंत येतं आणि माणसापर्यंत येत नाही. मुताले मूळची झांबियाची, गावातल्या एका नर्सिंग होममध्ये कामाला. मागच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये बॉइन नदीकाठी फिरताना वसुधाबाईंनी तिला तिच्या बेंबा भाषेत ‘कशी आहेस’ विचारलं होतं आणि ती पोर तिथेच रडायला लागली होती. तेव्हापासून ती त्यांना ‘बामायो’ म्हणायची, म्हणजे आई. आज ती बसायलाच तयार नव्हती.

बुपे ही तिची धाकटी बहीण, लुवेला मिशन हॉस्पिटलातली सिस्टर. करोनाची तिसरी लाट झांबियात आली आणि वॉर्डात ऑक्सिजन संपला. त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळाकडे ऑक्सिजनची काही मशिनं उरली होती. चाकं लावलेल्या सूटकेसएवढी, हवेतूनच ऑक्सिजन काढणारी. भारतासाठी जमवली होती, तिकडची लाट ओसरली म्हणून राहिली. ती लुवेलाला द्या, असा धोशा वसुधाबाईंनीच लावला होता. अर्धं आयुष्य त्यांनी झांबियात भूगोल शिकवण्यात घालवलं होतं, इतका हक्क त्यांना होता.

जूनच्या शेवटी फोटो आला. लुवेलाच्या वॉर्डात पेशंटशेजारी मशिनं सुरू. मंडळाच्या ग्रुपवर टाळ्याच टाळ्या पडल्या. इथल्या झांबियन असोसिएशनचे अध्यक्ष ब्वाल्या यांनी तोच फोटो तिकडे आपल्या भावाला पाठवला. भाऊ जिल्ह्याचा प्रमुख, ऑगस्टात निवडणुकीला उभा. त्याने फोटोचा भला मोठा फलक करून गावात सभा घेतली.

“सभेनंतर बायका बुपेकडे आल्या,” मुताले म्हणाली. “आमच्या माणसांना मशिनं लावा म्हणाल्या. ती म्हणाली, कुठली मशिनं? दुसऱ्या दिवशी पोलीस आले. फोटोत मशिनं आहेत, वॉर्डात नाहीत, आणि स्टोअरची किल्ली हिच्याकडे. पुढच्या आठवड्यात कोर्टात उभं करणार आहेत.”

“तू फोटो नीट बघितलास?”

“बघितला. हा आमचा वॉर्ड नाही. भिंत आमची नाही, फरशी आमची नाही. ब्वाल्या म्हणतात, नवीन रंग दिला असेल, नवीन फरशी घातली असेल. मी बहीण ना. माझं कोण ऐकणार?”

वसुधाबाईंनी मटाराचं भांडं खाली ठेवलं. त्यांना स्वतःला फोटोत फक्त पांढरे-निळे डाग दिसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात व्हायचं होतं, पण विमानं बंद झाली आणि दोन महिन्यांसाठी आलेल्या त्या इथेच अडकून पडल्या.

“फोटो खोटा असेल,” त्या म्हणाल्या, “तर कुणीतरी इथे बसून तो खरा केलाय.”

२

संध्याकाळी उपेंद्र वरच्या खोलीतून, म्हणजे त्याच्या ऑफिसातून, खाली उतरला. आईने सगळं सांगितलं. त्याने चहात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा घातली.

“आई, तू यात पडू नकोस. परक्या देशाचे पोलीस आहेत.”

“परका कसा? तू जन्मलास तिथे.”

मग पद्माकरांचा फोन आला. हे मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा की वहिनींचा जीव कळवळतो हे ठीक, पण मंडळाने देणगी दिली, मंडळाचं काम संपलं. तिकडे कोण काय खातं ते आपण कुठवर बघणार. आफ्रिकेत हे असंच चालतं.

हे वाक्य वसुधाबाईंनी आयुष्यात इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. असंच चालतं म्हणे. झांबियातल्या मुफुलिराच्या त्यांच्या शाळेला एकदा विहिरीचा पंप मिळाला होता आणि तिथल्या साहेबाने तो उचलून स्वतःच्या शेतावर नेला होता. सगळ्यांना ठाऊक होतं. हेडमास्तर गप्प, इन्स्पेक्टर गप्प, भारतातून आलेले मास्तर तर पाहुणे म्हणून दुप्पट गप्प. शेवटी मुलांच्या आया उठल्या. जूनमधली कडाक्याची सकाळ होती. पाठीला पोरं बांधून, वरून चितेंगे म्हणजे त्यांची ती रंगीत लुगडी गुंडाळून त्या साहेबाच्या फाटकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाही, शिवी नाही. नुसत्या उभ्या. वसुधाबाईही त्यांच्यात होत्या, उपेंद्रला मरून रंगाची लोकरी जर्सी घालून कडेवर घेऊन. कुणीतरी कोळशाची शेगडी आणली होती आणि हा त्या शेगडीवरून हात काढायला तयार नव्हता. दुपारी पंप परत आला.

“तिकडे असंही चालतं,” त्या फोनवर म्हणाल्या. पण पद्माकरांना मागचं काही माहीत नव्हतं. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी त्या मुतालेला घेऊन चर्चच्या हॉलवर गेल्या. मशिनं तिथेच ठेवली होती. डेक्लन नावाचा म्हातारा हॉल सांभाळायचा. लॉकडाऊनमध्ये त्याला बोलायला माणूस मिळालं नव्हतं, त्यामुळे एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं यायची. मशिनं ना? युअर मॅन सारंग आला आणि आपल्या व्हॅनमधून घेऊन गेला. एकदम ग्रँड. पण तुमच्या मंडळींना जरा सांगा, बाई. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचे हळदीचे डाग अजून निघत नाहीत. प्रथमोपचाराच्या खोलीतली घडीची खाट नेली, तिचा पाय वाकवून आणली. स्टेजवरचा पंखा नेला, तो आणून चहाच्या कपांच्या प्रेसमध्ये कोंबला. प्रेस म्हणजे इथलं कपाट. आणि खुर्च्या तर कधीच मोजून परत येत नाहीत.

“खाट कशाला हवी होती?” वसुधाबाईंनी विचारलं.

नाटक बसवताय म्हणाले, डेक्लन म्हणाला. त्या दिवशी नुसती रिपरिप चालली होती, त्यात बिचारे सामान भिजवत नेत होते.

मंडळाने दीड वर्षात नाटक बसवलेलं नव्हतं. मुतालेने वसुधाबाईंचा दंड घट्ट धरला.

तिथून त्या दोघी सारंगच्या घरी गेल्या. त्याने दारातच काकूंना वाकून नमस्कार केला. हा मसाल्यांचा आयातदार, त्यामुळे मालवाहतुकीतलं त्याला सगळं कळतं असा मंडळाचा समज होता. उपेंद्र आयर्लंडला नवा आला तेव्हा पहिले काही महिने याच्याच घरी राहिला होता, हेही खरं. सारंगच्या म्हणण्याप्रमाणे मशिनं विमानाने लुसाकाला गेली, तिथून ट्रकने पुढे. त्याच्या तिकडच्या माणसाने स्वतः नेली, वॉर्डात लावली, आणि फोटो पाठवला.

“काकू, त्या उन्हात, घामाच्या धारा पुसत नेलीत हो त्याने मशिनं. आपल्याकडून काही कमी नाही पडलं. पुढे त्यांनी खाल्लं, त्याला आपण काय करणार? तुम्ही तर तिकडे राहिलात.”

“राहिले,” वसुधाबाई म्हणाल्या. “म्हणून तर विचारतेय.”

४

ब्वाल्या त्यांना नदीकाठी भेटले. उंच, सुटाबुटातला माणूस. मुताले दिसताच त्यांनी चेहरा दुसरीकडे केला, वसुधाबाईंना मात्र ‘मॅडम’ म्हणून बसायला बाक पुसून दिला. फोटो कुठून आला, या प्रश्नावर त्यांनी हात पसरले. तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर आला, मॅडम. तुमच्याच मुलाने टाकला होता, मलाही त्याच ग्रुपवर घेतलंय ना. भारतीय लोक कामात चोख, मी शंका कशाला घेऊ? मी तो होता तसा भावाकडे पाठवला.

“भावाने लुवेलाला एक फोन करून विचारलं का, मशिनं आली का म्हणून?”

ब्वाल्या बोटातली अंगठी फिरवत राहिले.

“सभा आधी ठरली होती,” ते म्हणाले.

“आणि नंतर कळलं तेव्हा?”

“मॅडम, हजार लोकांसमोर सांगून झालं होतं की मशिनं आली. मग ती आलीच होती. वॉर्डात नसतील, तर कुणीतरी नेली असणार.”

वसुधाबाईंना हे तर्कशास्त्र नवं नव्हतं. चूक कबूल करण्यापेक्षा चोर पकडणं केव्हाही सोपं, आणि चोर म्हणून किल्लीवाली बाई सगळ्यांत स्वस्त पडते. त्यांना चीड आली ती या माणसाच्या सभ्य आवाजाची. हा काही चोर नव्हता. याने फक्त विचारलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी सुनेला हाक मारली. “केतकी, तो फोटो टीव्हीवर मोठा कर, आणि मला सांग त्यात काय काय आहे. महत्त्वाचं म्हणून नको, सगळं सांग.”

केतकी सांगायला लागली. पलंग, नव्हे, साधी खाट. तिच्यावर पेशंट, मास्क लावलेला, खांदे उघडे. कमरेपर्यंत निळं-पिवळं कापड. सिस्टर, तीही मास्कमध्ये. शेजारी मशिनं ओळीने. भिंतीत चौकोनी पिनांचं सॉकेट, पण तसं आयर्लंडमध्येही असतं.

“झांबियातही. पुढे?”

“मागे खिडकी. बंद आहे, पडदा सरळ पडलाय. कापडाचं एक टोक उडालंय, तेवढंच वर आलंय. बाकी काही नाही. फोटो जरा अरुंद वाटतो, आई. डाव्या बाजूने कापल्यासारखा.”

वसुधाबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

“खिडकी बंद?”

“हो.”

“पडदा हलत नाही?”

“नाही.”

“मग त्या कापडाला वारा कुठला लागला?”

केतकीने पडद्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “डावीकडून. जिथे कापलंय तिथून.”

वसुधाबाई खुर्चीत मागे टेकल्या. फोटो खोटा आहे हे त्यांना कळलं होतं. कुणी काढला तेही कळलं होतं. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं.

५

रविवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना अंगणात चहाला बोलावलं. अंतर राखून खुर्च्या मांडल्या, केतकीने दडपे पोहे केले. सारंग आला, मुताले आली, ब्वाल्या टाय लावून आले. उपेंद्र कपबशा नेआण करत राहिला, एका जागी बसेना.

वसुधाबाईंनी सुरुवात इंग्रजीतून केली, ब्वाल्यांना कळावं म्हणून. त्या म्हणाल्या, या फोटोत खिडकी बंद असून वारा आहे, आणि पेशंटच्या अंगावर धड पांघरूण नाही. म्हणजे खाटेशेजारी पंखा सुरू होता. तो फोटोतून कापलाय. “मिस्टर ब्वाल्या, तुमच्या लुवेलाच्या पठारावर जूनमध्ये पंखा कोण लावतं?”

ब्वाल्यांचा कप हवेत थांबला. मग त्यांना हसू आलं, आणि लगेच त्यांनी ते गिळलं. “कुणी नाही, मॅडम. जूनमध्ये आम्ही शेगडी लावतो. विषुववृत्ताच्या खाली थंडी जूनमध्ये असते. आमची आई घोंगडीतून बाहेर यायची नाही.”

“पेशंट उघडा ठेवला तर?”

“सिस्टरला नोकरीवरून काढतील,” मुताले म्हणाली. ती उठून उभी राहिली होती.

“म्हणजे हे दृश्य अशा माणसाने मांडलं, ज्याच्या डोक्यात आफ्रिका म्हणजे बाराही महिने ऊन. झांबियात वाढलेला माणूस असा पंखा ठेवणार नाही. मिस्टर ब्वाल्या, हा फोटो तुम्ही काढलेला नाही, एवढं मी तुमच्या बाजूने सांगते. पुढचं तुमच्या बाजूचं नाही, ते नंतर.” मग त्या मराठीकडे वळल्या. “सारंग, जूनमध्ये ट्रकवाल्याच्या घामाच्या धारा कुणी पुसल्या रे? आणि हॉलमधली खाट आणि पंखा तू कुठल्या नाटकासाठी नेलास? भर पावसात पंखा नेणारा माणूस डेक्लन विसरायचा नाही. काल मी त्याला फोन करून पुन्हा विचारलं. तूच होतास.”

सारंगने आधी हसून पाहिलं. मग काकूंचा काहीतरी गैरसमज होतोय म्हणाला. मग उपेंद्रकडे बघितलं, आणि तिथे काही आधार मिळेना तेव्हा एकदम बोलायला लागला. त्याचा मामा भारतात नगरसेवक. तिकडे महापालिकेची निवडणूक यायची होती. मामाने मशिनं मागितली, वॉर्डावॉर्डात वाटून त्यांवर स्वतःचे फोटो चिकटवले. नाही कसं म्हणणार? त्यानेच शिक्षणाचा खर्च केलेला. पुढच्या खेपेला दुसरी मशिनं पाठवून द्यायची असं ठरवलं होतं, हो काकू, शप्पथ. मशिनं भारतात पाठवण्याआधी गोदामाच्या ऑफिसात खाट टाकून फोटो तेवढा काढून ठेवला. दोन परदेशी विद्यार्थ्यांना जाहिरातीचं शूटिंग म्हणून बोलावलं होतं. त्यांना काही माहीत नाही.

ब्वाल्यांनी काय म्हणतोय ते विचारलं. मुतालेलाही कळलं नव्हतं. केतकीने इंग्रजीत सांगितलं, तसतसा ब्वाल्यांचा चेहरा सैल होत गेला. दोष आपल्याकडे नाही, या आनंदात माणूस कसा फुलतो ते वसुधाबाई बघत होत्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “या फोटोला दोन हात लागलेत. एकाने पंखा ठेवला. दुसऱ्याने तो कापला. ठेवणाऱ्याला त्यात काही चूक दिसलीच नव्हती, मग तो कापेल कशाला? कापणाऱ्याला एका नजरेत कळलं की जूनमध्ये हे असं नसतं.”

“मी नाही,” ब्वाल्या घाईने म्हणाले. “माझ्याकडे तो असाच आला.”

“ठाऊक आहे. तुमच्याकडे ग्रुपवरून आला.”

पलीकडच्या घरात कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं आणि बंद केलं. वसुधाबाईंनी कुणाकडेच पाहिलं नाही. दोन दिवस त्या वाट बघत होत्या. न विचारता तो येईल, जिन्यावरून उतरेल, आई म्हणून हाक मारेल. आला नव्हता.

उपेंद्रने हातातला ट्रे गवतावर ठेवला.

“मी कापला,” तो म्हणाला.

६

सारंगने फोटो त्याला ग्रुपवर टाकायला पाठवला होता. बघताक्षणी कळलं, तो सांगत होता. पंखा बघितला आणि हातांना शेगडीची ऊब आठवली. सारंगला विचारलं, तर तो म्हणाला, महिनाभर थांब, सगळं पाठवतो. ज्याच्या घरी पहिले दिवस काढले त्याला उघडं कसं पाडायचं? मंडळाचं नाव, इतक्या लोकांच्या देणग्या. महिन्याभराचा तर प्रश्न, असं वाटलं. कुणाला अटक होईल हे डोक्यातही आलं नाही.

“आणि झाल्यावर?” वसुधाबाईंनी विचारलं. “मी त्या दिवशी सांगितल्यावर?”

मुताले त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. नर्सिंग होममध्ये ती एखाद्या हट्टी पेशंटकडे बघत असेल तशी, औषध घेतो की नाही म्हणून.

“मूळ फोटो आहे?” तिने विचारलं.

“आहे.”

“पुसला का नाहीस?”

“नाही जमलं,” तो म्हणाला.

त्याने तिथेच फोन काढला. सारंग म्हणाला, अरे, ग्रुपवर नको, आपण आपसात मिटवू. ब्वाल्याही म्हणाले, असा एकदम निर्णय नको, निवडणूक तोंडावर आहे. आयुष्यात कधी एकमेकांशी धड न बोललेली ही दोन माणसं एका सुरात बोलत होती, आणि वसुधाबाईंना वाटलं, खंड दोन असले तरी माणसाला गप्प बसवायची वाक्यं सगळीकडे तीच.

उपेंद्रने पंख्यासकट फोटो टाकला. खाली लिहिलं, हा फोटो आयर्लंडमध्ये काढलेला आहे, मशिनं लुवेलाला कधीच गेली नाहीत, फोटो मी कापला होता. नाव लिहिलं. तेच बुपेच्या वकिलाला पाठवलं, आणि बोलून, चेहरा दाखवून, चित्रफीतही पाठवली. ग्रुपवर या वेळी एकही टाळी पडली नाही. पद्माकरांचा फोन मात्र आला. झालं ते वाईटच झालं वहिनी, पण जाहीर कशाला करायचं? वसुधाबाईंनी फोन केतकीच्या हातात दिला.

वकिलाने कळवलं, पुरावा पोहोचला, पण जिल्हाप्रमुखाने तोंड उघडल्याशिवाय पोलीस हलणार नाहीत. तेव्हा मुतालेने असोसिएशनमधल्या बायकांना फोन लावले. मुफुलिरातली ती पंपाची गोष्ट वसुधाबाईंनी तिला कधीतरी सांगितली होती. पण तशी गोष्ट तिला आधीच माहीत होती. तिच्या आजीच्या गावात एका दवाखान्याच्या पत्र्यांसाठी बायका अशाच उभ्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग खाली उतरलेले. उपेंद्र दाराशी बूट घालत होता.

“तू कुठे?” वसुधाबाईंनी विचारलं.

“तुझ्याबरोबर.”

“स्वेटर घाल मग. गार आहे.”

त्याने निमूटपणे घातला.

ब्वाल्यांच्या घरासमोर असोसिएशनच्या बायका हातभर अंतर ठेवून उभ्या होत्या. अंगात गणवेश, जॅकेटं, कुणाच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि प्रत्येकीच्या खांद्यावर चितेंगे. कुणी काही बोलत नव्हतं. केतकी आणि मंडळातल्या दोघी त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. पडदा हलला. ब्वाल्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. नुसत्या उभ्या राहणाऱ्या बायका म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. टाय नव्हता. कानाला फोन होता, भावाशी बोलणं चाललं होतं, आणि ते बोलणं सुखाचं नव्हतं. मग आणखी एक फोन, मग आणखी एक. शेवटी त्यांनी चार पावलं येऊन फोन मुतालेच्या हातात दिला.

पलीकडे बुपे होती. मुतालेने ऐकलं, डोळे मिटले, आणि सगळ्यांना सांगितलं की तिला सोडलंय. ती पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभी आहे. ठाण्यातले साहेब म्हणाले, काहीतरी गैरसमज झाला होता.

“गैरसमज,” वसुधाबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना पानावर वाढलेल्या शिळ्या भातासारखा वाटला. पण आज त्यांनी भांडण काढलं नाही. पोरगी बाहेर आली होती, पुष्कळ झालं, असं त्यांच्यासुद्धा मनात आलं. ब्वाल्यांनी सुटकेचा श्वास टाकून फोन घेतला आणि घराकडे वळले.

“मिस्टर ब्वाल्या,” मागून उपेंद्रचा आवाज आला. “आणि मशिनं?”

ब्वाल्या थांबले. ती तर तुमच्या माणसाने नेली, ते म्हणाले.

“हो. सारंगच्या दारात आम्ही दुपारी जाणार आहोत. पण लुवेलात अजून ऑक्सिजन नाही, हे तुमच्या भावाने सभा घेऊन सांगायचंय. तेवढ्याच लोकांसमोर.”

मुतालेने चितेंगे खांद्यावर नीट ओढून घेतलं. जागची एकही बाई हलली नाही.